मननातून अभंगाकडे : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची जीवनवाट

मराठी वाङ्मयेतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची नोंद दोन निरनिराळ्या प्रकरणांत आढळते. आधुनिक कवितेच्या प्रकरणात ते केशवसुतांचे समकालीन, फुलामुलांचे कवी आणि बालकवींना घरात थारा देणारे वडीलधारे म्हणून येतात. ख्रिस्ती वाङ्मयाच्या प्रकरणात ते 'अभंगांजली'चे आणि 'ख्रिस्तायना'चे कर्ते म्हणून येतात. पदव्युत्तर वर्गात पहिल्या टिळकांचा अभ्यास होतो, दुसऱ्यांचा बहुधा नामनिर्देशच होतो. या विभागणीमुळे एकाच व्यक्तीच्या वाङ्मयाला दोन उगम असल्याचा समज रूढ झाला आहे. निसर्गकवी टिळक सर्व मराठी वाचकांचे आणि अभंगकार टिळक एका समाजापुरते, असे आपण फारसा विचार न करता मानून चालतो.

प्रस्तुत लेखात टिळकांच्या जीवनाची रूपरेषा मांडताना या समजाची तपासणी करण्याचा प्रयत्न आहे. टिळक हे कवी, वक्ते, संपादक, धर्मोपदेशक असे बरेच काही होते. परंतु या सर्वांच्या मुळाशी ते एक विशिष्ट प्रकारचे वाचक होते. धर्मग्रंथातील एखादा भाग घ्यावा, तो पुनःपुन्हा मनात घोळवावा, त्याच्या उजेडात स्वतःचे वर्तन पाहावे आणि त्यातून जे उमटेल ते शब्दांत उतरवावे, ही त्यांच्या जगण्याची रीत बनली. या रीतीचा धागा हाती धरला, तर त्यांच्या चरित्रातील वरवर विसंगत वाटणाऱ्या घटना आणि त्यांच्या कवितेचे दोन प्रवाह यांचा मेळ लागतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

ही रीत मराठी मनाला परकी नाही. वर्धा जिल्ह्यातील आष्टीसारख्या गावात ज्ञानेश्वरीचे पारायण आणि गाथ्यातील अभंगांचे नित्यपठण परिचयाचे आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजातून पसरलेली सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामगीतेचे वाचनही या परिसराच्या अंगवळणी पडले आहे. ग्रंथाचा थोडा भाग रोज वाचून त्यावर चिंतन करण्याची प्रथा ख्रिस्ती समाजातही, विशेषतः प्रॉटेस्टंट परंपरेत, वैयक्तिक आणि कौटुंबिक उपासनेचा गाभा मानली जाते. या दोन प्रथा मराठी भाषेत जवळजवळ राहूनही दीर्घकाळ एकमेकींशी बोलत नव्हत्या. टिळकांच्या आयुष्यात त्या एकत्र आल्या.

१. पूर्वायुष्य : शास्त्र, भटकंती आणि प्रश्न

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव करारी आणि तापट, तर आई जानकीबाई भाविक व कवितेची ओढ असलेली. आईचे छत्र त्यांच्या बालपणीच हरपले आणि त्यानंतर घराशी असलेला त्यांचा धागा सैल झाला. नाशिक येथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेत थोडेबहुत शिक्षण झाले, पण पदवीपर्यंतचा सरळ मार्ग त्यांच्या वाट्याला आला नाही. जे मिळवले ते मुख्यतः स्वतःच्या वाचनातून.

१८८० च्या सुमारास त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनू हिच्याशी झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाल्या. विवाहसमयी लक्ष्मीबाई अगदी लहान होत्या. विवाहानंतरची काही वर्षे टिळकांनी सतत गावे आणि नोकऱ्या बदलण्यात घालवली. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक, कधी व्याख्याता. सांगून-सवरून घराबाहेर पडणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. ते कुठे आहेत हे लक्ष्मीबाईंना कित्येकदा इतरांकडून कळे.

या भटकंतीमागे केवळ चंचलपणा नव्हता. धर्म, जातिभेद आणि देशाची स्थिती यांविषयीचे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. १८९१ च्या सुमारास ते नागपुरात आले. तेथे आप्पासाहेब बुटी या धनिक विद्याप्रेमी गृहस्थांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले आणि 'ऋषी' या धर्मविषयक मासिकाचे संपादनही त्यांनी केले. विदर्भातील या वास्तव्याकडे चरित्रकारांचे फारसे लक्ष जात नाही. पण टिळकांच्या वैचारिक जडणघडणीत त्याला महत्त्व आहे. एका बाजूला वैदिक वाङ्मयाचा प्रत्यक्ष परिचय आणि दुसऱ्या बाजूला रूढ धर्माचाराविषयीचे असमाधान, अशी त्यांची मनःस्थिती येथे पक्व झाली. ईश्वर सर्वांचा पिता आहे, माणसे परस्परांची भावंडे आहेत आणि जन्मावरून उच्चनीचता ठरू नये, अशा काही तत्त्वांवर आधारलेला एक नवा धर्म आपणच स्थापन करावा, इथपर्यंत त्यांचा विचार पोहोचला होता. ख्रिस्ती धर्माचा विचार मात्र या टप्प्यावर त्यांच्या मनात नव्हता. परकीय राज्यकर्त्यांचा धर्म म्हणून त्याविषयी दुरावाच अधिक होता.

२. रेल्वेच्या डब्यातील पुस्तक

१८९३ मध्ये टिळक नोकरीच्या शोधात राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. रेल्वेच्या डब्यात त्यांची गाठ एका युरोपियन प्रवाशाशी पडली. या गृहस्थाने त्यांच्याशी आदराने संभाषण केले, काव्याविषयी आणि धर्माविषयी बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. हे पुस्तक नीट वाचल्यास आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांना हे बोलणे अवास्तव वाटले. हा प्रवासी पुन्हा त्यांना भेटला नाही.

या प्रसंगाला पुष्कळदा चमत्काराचे रूप दिले जाते. अभ्यासकाने मात्र त्यापुढे काय घडले याकडे पाहिले पाहिजे. टिळकांनी पुस्तक बाजूला टाकले नाही आणि त्याचा तत्काळ स्वीकारही केला नाही. कोणताही ग्रंथ हाती आला की तो अथपासून इतिपर्यंत पाहायचा आणि महत्त्वाच्या जागांवर खुणा करायच्या, या आपल्या सवयीनुसार ते तो वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचवा, सहावा आणि सातवा हे तीन अध्याय, म्हणजेच डोंगरावरील प्रवचन, येथे ते थबकले. ज्या प्रश्नांची उत्तरे स्वतः रचलेल्या धर्मातून देण्याची त्यांची खटपट चालली होती, ती उत्तरे या तीन अध्यायांत त्यांना आधीच दिलेली आढळली. सिद्धान्ताची चर्चा, चमत्कारांची कथा किंवा चर्चसंस्थेचा अधिकार यांपैकी कशानेही त्यांना थांबवले नाही. थांबवले ते क्षमा, नम्रता, शत्रूवरील प्रेम आणि ईश्वराचे पितृत्व सांगणाऱ्या आचारधर्माने.

याच अध्यायांत आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांचा दाखला देऊन निश्चिंत विश्वासाचा उपदेश केलेला आहे. त्याच शुभवर्तमानात पुढे चिमण्यांच्या मरणाचीही ईश्वर दखल घेतो असे सांगितले आहे आणि लहान मुलांना स्वर्गराज्याचा मानदंड मानले आहे. 'वनवासी फूल' लिहिणारा, 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेत शिकाऱ्याच्या हातून मरणाऱ्या पक्षिणीचा आकांत मांडणारा आणि मुलांवर मनापासून लिहिणारा कवी या भागांपाशी रेंगाळावा, यात नवल नाही. टिळकांची फुलामुलांची ओढ त्यांच्या स्वभावातच होती. शुभवर्तमानाने ती निर्माण केली असे म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु आपल्या स्वभावातील ही कोवळी ओढ एखाद्या धर्मग्रंथाच्या मध्यभागी आढळावी, हा अनुभव त्यांच्यासारख्या वाचकाला किती जवळचा वाटला असेल याची कल्पना करता येते. निसर्गकवी आणि भक्तकवी यांच्यात आपण घातलेली भिंत या ठिकाणी ढासळते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वेदान्ताच्या परंपरेत श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा ज्ञानाच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. संस्कृतच्या संस्कारात वाढलेल्या टिळकांनी नवा करार वाचला तो याच क्रमाने. आधी मूळ शब्द लक्षपूर्वक घेणे, मग शंका उपस्थित करून त्यांचा निकाल लावणे आणि शेवटी निश्चित झालेल्या अर्थात मन स्थिर करणे, हे त्यांच्या दोन वर्षांच्या वाचनाचे टप्पे दिसतात. मधल्या काळात त्यांनी ख्रिस्ती मंडळींशी निनावी पत्रव्यवहार करून आपल्या शंका विचारल्या. हिंदू धर्मातील ग्रंथांशी तुलना चालूच होती. ज्या पुस्तकाने त्यांना धर्मांतराकडे नेले, ते पुस्तक वाचण्याची पद्धत मात्र त्यांनी आपल्या पूर्वपरंपरेतूनच घेतली होती. टिळकांच्या पुढील सर्व कार्याची ही गुरुकिल्ली आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, भायखळ्याच्या अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी ते तेहतीस वर्षांचे होते. बाप्तिस्मा परदेशी मिशनऱ्याच्या हातून घ्यायचा नाही, तो आपल्याच देशातील धर्मोपदेशकाच्या हातून घ्यायचा, हा त्यांचा आग्रह होता आणि तो मानला गेला. धर्म बदलला तरी देश आणि भाषा बदलत नाही, ही भूमिका त्यांनी पहिल्याच पावलाला घेतली होती.

३. दुभंगलेले घर

या निर्णयाची किंमत सर्वाधिक कोणी मोजली, तर लक्ष्मीबाईंनी. पतीने धर्मांतर केल्याची वार्ता त्यांच्यावर आघातासारखी कोसळली. सोवळ्याओवळ्याच्या कडक चौकटीत वाढलेल्या त्या स्त्रीला पतीकडे जाणे म्हणजे धर्म सोडणे आणि न जाणे म्हणजे संसार सोडणे, असे दोनच मार्ग दिसत होते. लहान मुलगा दत्तू याला घेऊन त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. त्यांतील काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला. सुमारे पाच वर्षे हा दुरावा टिकला.

टिळकांच्या चरित्राचा विचार करताना या पर्वाकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. ग्रंथाच्या मननातून मिळालेले समाधान आणि त्या समाधानासाठी दुसऱ्या व्यक्तीला सोसावे लागलेले दुःख, यांचा हिशेब सरळ लागत नाही. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सर्व कटुता न ठेवता, पण काहीही न लपवता सांगितले आहे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रातील टिळक हे पूजेतील देव नाहीत. त्यांचा क्षणात भडकणारा राग, हातातील पैसा दुसऱ्याला देऊन घरात चणचण करणारे औदार्य आणि एकदा मनात आले की मागेपुढे न पाहण्याची वृत्ती तेथे जशीच्या तशी उभी राहते. डोंगरावरील प्रवचनाचे मनन करणाऱ्या माणसाला आपला राग आयुष्यभर आवरता आला नाही आणि त्याची खंत त्याला सतत वाटत राहिली, हे त्या चित्रणातून कळते. रोजच्या चिंतनाला जीवनात काय अर्थ असतो, याचे उत्तर म्हणून ही खंत महत्त्वाची आहे. चिंतनाने माणूस निर्दोष होत नाही. त्याला स्वतःचे दोष दिसू लागतात.

लक्ष्मीबाईंचे मतपरिवर्तनही टिळकांच्या उपदेशाने झाले नाही. दुरावा संपवून त्या अहमदनगरला आल्या, तरी आरंभी त्यांनी आपला आचार वेगळाच ठेवला होता. जातिभेद माणसांनी निर्माण केलेला आहे, ईश्वराने नव्हे, हा विचार त्यांच्या मनात स्वतंत्रपणे उगवला आणि त्याप्रमाणे कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी या बाबतीत सक्ती केली नाही, ही त्यांच्या बाजूने नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. आपल्याला जो अर्थ स्वतःच्या मननातून गवसला, तो दुसऱ्यालाही त्याच्याच मननातून गवसला पाहिजे, हे त्यांनी निदान येथे तरी पाळले. त्या काळातील दुष्काळाने अनाथ झालेल्या मुलांना या दांपत्याने घर दिले.

४. अहमदनगर : अध्यापन, कविता आणि 'ज्ञानोदय'

धर्मांतरानंतर टिळकांचे कार्यक्षेत्र मुख्यतः अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे राहिले. अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञान शाळेत त्यांनी अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना रेव्हरंड ही दीक्षा मिळाली. परिसरातील खेड्यापाड्यांतून त्यांचा संचार चाले. या खेड्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती लोक दलित जातींतून आलेले होते. त्यांच्यापैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. दैनंदिन बायबलवाचन हा ज्या पंथाच्या उपासनेचा कणा, त्या पंथात वाचता न येणाऱ्या माणसाने करायचे काय, हा प्रश्न टिळकांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला असला पाहिजे.

त्यांच्यापूर्वीच्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली होती. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केले, तेव्हा ओवीबद्ध पुराण मोठ्याने वाचून दाखवण्याची देशी रीतच त्यांनी स्वीकारली. त्यानंतर मात्र गद्य भाषांतराचे युग आले. सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये छापले; मुंबईत अमेरिकन मिशनचे भाषांतर १८२६ मध्ये निघाले. पुढे बाबा पदमनजी यांनी नव्या करारावर टीकाग्रंथ लिहिला. टिळकांच्याच काळात पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्तिसदनात बसून हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांतून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याच्या कामाला लागल्या आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ते पूर्ण केले. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रियांना ग्रंथ कळावा हा रमाबाईंचा हेतू होता. रमाबाई आणि टिळक यांच्यापुढील प्रश्न एकच होता. रमाबाईंनी ग्रंथच वाचकाच्या भाषेपर्यंत आणला. टिळकांनी ग्रंथाच्या मननाचे फळ गळ्यात बसेल अशा रूपात दिले.

कवी म्हणून टिळकांचा लौकिक या काळात सर्व महाराष्ट्रात पसरला. जळगाव येथे १९०७ मध्ये भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाचा 'बालकवी' म्हणून गौरव झाला आणि पुढे टिळकांच्या घरी त्यांना पुत्रवत् स्थान मिळाले. धर्मांतरित टिळकांच्या घरात एका हिंदू कवीने आपला धर्म न सोडता मुलासारखे राहावे, हे त्या काळात सामान्य नव्हते.

१९१२ पासून टिळकांनी 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले आणि मृत्यूपर्यंत ते चालवले. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेले हे पत्र धर्मविषयक वादविवादासाठी प्रसिद्ध होते. टिळकांच्या हाती त्याचा सूर पालटला. परधर्मखंडनापेक्षा आत्मपरीक्षणाला, आणि ख्रिस्ती समाजाला आपल्या देशबांधवांपासून तोडण्यापेक्षा त्यांच्याशी जोडण्याला त्यांनी प्राधान्य दिले. राष्ट्रप्रेम हा त्यांच्या ख्रिस्तभक्तीचाच भाग होता.

५. अभंगाचे रूप

तत्कालीन मराठी चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मोठ्या प्रमाणात गायली जात. अर्थ मराठी, पण शब्दांचा आघात आणि चाल यांचा मेळ नाही, अशी त्यांची अवस्था होती. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट टिळकांपूर्वीच पाडलेली होती. टिळकांनी ती रुंद केली. त्यांनी कीर्तने रचली, भजने रचली आणि उपासनेसाठी शेकडो गीते लिहिली. मराठी प्रॉटेस्टंट चर्चच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

तथापि टिळकांच्या साधनेचा खरा आलेख सापडतो तो 'अभंगांजली'त. आयुष्याच्या उत्तरार्धातील हे अभंग रचनेने छोटे, भाषेने सोपे आणि आशयाने एकाग्र आहेत. शुभवर्तमानातील कथा पुन्हा सांगणे हा त्यांचा हेतू नाही. ती कथा वाचकाला ठाऊक आहे असे गृहीत धरून त्या कथेसमोर उभ्या असलेल्या जिवाची अवस्था ते मांडतात. ख्रिस्त येथे माउली आहे, सद्गुरू आहे, सखा आहे. भक्ताची तळमळ, आपल्या उणेपणाची कबुली, शरणागती आणि अखेरची एकरूपता या अवस्था वारकरी अभंगाच्या वाचकाला ओळखीच्या वाटाव्यात अशाच क्रमाने येतात. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून, असे टिळक सांगत. हे केवळ कृतज्ञतेचे उद्गार नव्हते. त्यात त्यांच्या रचनेचे तंत्रही सांगितलेले आहे.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. जुने पात्र घेऊन त्यात नवे द्रव्य ओतले, एवढेच टिळकांनी केले काय? अभंग हा त्यांनी प्रचाराचे साधन म्हणून वापरला काय? ख्रिस्ती मंडळींतूनही उलट दिशेने शंका येणे शक्य होते : विठ्ठलाच्या भक्तीसाठी घडलेल्या शब्दांत ख्रिस्ताची भक्ती मांडली, तर तिचे वेगळेपण उरते काय? दोन्ही आक्षेपांना एकच उत्तर संभवते. अभंग हा निव्वळ छंद नाही. ती स्वतःशी आणि देवाशी एकाच वेळी बोलण्याची पद्धत आहे. ज्याचे चिंतनच या पद्धतीने चालते, त्याला ती बाहेरून आणावी लागत नाही. टिळक नवा करार वाचताना मराठीतच विचार करत होते, आणि मराठीत अंतर्मुख होण्याची सर्वांत समृद्ध भाषा संतांनी घडवलेली होती. म्हणून त्यांच्या अभंगात उसनेपणा जाणवत नाही. शिवाय ज्याला वाचता येत नाही त्यालाही अभंग पाठ होतो. सकाळी जात्यावर किंवा शेताच्या वाटेवर तो मनाशी म्हणता येतो. पुस्तक न उघडता होणारे हे नित्य मनन ज्या समाजाला हवे होते, त्याला टिळकांनी ते दिले.

'ख्रिस्तायन' या ख्रिस्तचरित्रपर महाकाव्याला त्यांनी १९०९ मध्ये आरंभ केला. त्यांच्या हातून त्याचे सुमारे दहाच अध्याय झाले. पतीच्या निधनानंतर त्याचा उरलेला बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या स्त्रीचे घर या ग्रंथाच्या वाचनाने एकेकाळी मोडले होते, तिनेच त्या ग्रंथावरील काव्य जवळजवळ पूर्णत्वास नेले. टिळक दांपत्याच्या सहजीवनाचा याहून मोठा पुरावा देण्याची गरज नाही.

६. देवाचा दरबार

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात टिळकांनी पुन्हा एकदा सर्व सोडले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या बंधुसंघात एकत्र यावेत, परदेशी पैशावर आणि संस्थेच्या अधिकारावर त्याची भिस्त नसावी, आणि त्याचे स्वरूप पूर्णपणे देशी असावे, अशी त्यांची कल्पना होती. स्वतः त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली.

या निर्णयाने मिशनमधील स्नेह्यांना धक्का बसला आणि घरातील आर्थिक आधारही गेला. व्यवहाराच्या मापाने पाहिल्यास दरबार हा प्रयोग फार काळ टिकला नाही. त्याच्या प्रवर्तकालाच जेमतेम दोन वर्षांचे आयुष्य उरले होते. तरीही टिळकांच्या जीवनक्रमात तो आकस्मिक ठरत नाही. रेल्वेच्या डब्यात पुस्तक हाती आले तेव्हा ते कोणत्याही चर्चचे नव्हते. त्यांची श्रद्धा ग्रंथाच्या मननातून उगवली होती, संस्थेच्या शिकवणीतून नव्हे. बावीस वर्षे संस्थेत राहून संस्थेची सेवा केल्यावर ते आपल्या मूळ ठिकाणी परतले. बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्तालाही दरबारात जागा ठेवणे म्हणजे १८९३ ते १८९५ या काळातील स्वतःलाच जागा ठेवणे होते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते.

७. समारोप

टिळकांच्या चरित्रातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, त्यांचे धर्मांतर हा क्षणिक साक्षात्कार नसून दोन वर्षांच्या सावध वाचनाची परिणती होती आणि या वाचनाची पद्धत भारतीय परंपरेतील मननाची होती. दोन, त्यांची निसर्गविषयक कविता आणि भक्तिकविता यांचा उगम एकाच वृत्तीत आहे. दोहोंना निराळी दालने देऊन आपण त्यांच्या वाङ्मयाचे अर्धेच आकलन करत आलो आहोत. तीन, मराठी ख्रिस्ती समाजाच्या दैनंदिन उपासनेला त्यांनी दिलेली देणगी ही सिद्धान्ताची नाही, रूपाची आहे. ग्रंथातील वचनाकडून स्वतःच्या अंतःकरणाकडे जाण्याची वाट त्यांनी मराठीत बांधून दिली.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक निष्कर्षही निघतो. 'केवढे हे क्रौर्य!' शिकवताना 'अभंगांजली'तील चार-दोन अभंग शेजारी ठेवले, आणि तुकोबांचा अभंग शिकवताना टिळकांच्या अभंगाचा उल्लेख केला, तर विद्यार्थ्यांना हा कवी अखंड दिसू शकेल. एका समाजाच्या प्रार्थनेत आजही गायले जाणारे हे अभंग सर्व मराठी वाचकांच्या वारशाचा भाग आहेत. हा वारसा अभ्यासक्रमाच्या कडेला राहिला, याचे कारण त्यातील काव्याची उणीव नव्हे. धर्माच्या नावाने घातलेली सीमा वाङ्मयाची सीमा मानण्याची आपली सवय त्याला कारणीभूत आहे, आणि टिळकांनी तर ही सीमा जन्मभर ओलांडली होती.